दोन भाषा आल्या म्हणजे झालें काय ?

गेल्या वर्षीं एका विद्यासंस्थेच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीस आम्ही हजर होतों. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ती दुसरी कोणतीही असती तरी घडलें तेंच घडलें असतें. भाषाविषयांच्या पदवीधरांकरितां दुभाष्याच्या कामाचें एक वर्षाचें शिक्षण सुरू करावें, अशी सूचना आम्हीं मांडली होती. तीवर चर्चा झाली ती चहा येण्यापूर्वींचीं दहा मिनिटें. एका विद्वान् सभासदांनीं चष्मा पुसतां पुसतां विचारलें, "दोन भाषा आल्या म्हणजे झालें. यांत शिकवावयाचें तें काय ?" दुसरे एक तरुण सभासद हंसून म्हणाले, "आणि तेंही आतां मोबाइल करतो." सूचना बारगळली, चहा आला, आणि मंडळ पुढील विषयाकडे वळलें.

योग्य उत्तर सुचतें तें घरीं परतल्यावर, हा आमचा जुनाच दोष. तें उत्तर येथें देत आहों. परंतु तें त्या दोघां गृहस्थांपुरतें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाची मुलगी जर्मन किंवा जपानी भाषेच्या वर्गास जात असेल, आणि ती उद्यां म्हणाली कीं मला दुभाषी व्हावयाचें आहे, तर त्या घरांत काय बोललें जाईल तें आम्ही जाणून आहों. 'भाषांतरें करून कोणाचें पोट भरलें आहे ?' हा पहिला प्रश्न. आणि 'त्यापेक्षां प्राध्यापक तरी हो,' हा दुसरा उपदेश. स्वतः प्राध्यापक असल्यामुळें या उपदेशाची किंमत आम्हांस चांगली ठाऊक आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. भाषांतरकार आणि दुभाषी हे एक नव्हेत. भाषांतरकारापुढें कागद असतो, हाताशीं कोश असतो आणि रात्र त्याच्या मालकीची असते. एखादा शब्द अडला तर तो उठून गच्चीवर फेऱ्या मारूं शकतो. दुभाष्याजवळ यांतलें कांहींच नसतें. बोलणारा बोलत असतो, ऐकणारा तोंडाकडे पाहात असतो, आणि वाक्य हवेंत असतांनाच तें झेलून दुसऱ्या भाषेंत पोंचतें करावयाचें असतें. तोंडानें मागचें वाक्य उच्चारावयाचें, कानानें पुढचें ऐकावयाचें, आणि या दोहोंमध्यें मनानें अर्थ लावावयाचा, या तीन क्रिया एकाच क्षणीं करणें ही दोन भाषा येण्याहून निराळी विद्या आहे. पोहतां येणें आणि बुडत्यास काढतां येणें यांत जेवढें अंतर आहे, निदान तेवढें तरी येथें आहे.

आमच्या विद्वान् मित्रांस ही अतिशयोक्ति वाटेल. म्हणून कांहीं अगदीं घरगुती उदाहरणें घेऊं. कोर्टांत वकील विचारतो, "तूं त्या रात्रीं तेथें नव्हतास ना ?" साक्षीदार म्हणतो, "हो." मराठींत या 'हो'चा अर्थ 'नव्हतों' असा आहे. तोच 'हो' इंग्रजींत 'येस' म्हणून गेला, तर त्याचा अर्थ 'होतों' असा होतो, आणि गरीब साक्षीदार आपल्याच तोंडानें गुन्ह्याच्या जागीं जाऊन उभा राहतो. किंवा दुसरें पाहा. आपला खेडूत मनुष्य प्रश्न ऐकतांना 'हां, हां' करीत असतो. तो फक्त 'ऐकतों आहें' असें सांगत असतो. कबुली देत नसतो. नुरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवर जो खटला चालला, तेथेंही हीच अडचण जर्मन 'या' या शब्दानें उभी केली होती. उत्तर सुरू करण्यापूर्वीं घसा साफ करावा तसा जर्मन मनुष्य 'या' म्हणतो. त्याचें इंग्रजी 'येस' केलें कीं आरोपीनें पहिल्याच शब्दास आरोप मान्य केला असें दिसावयाचें. फांशी ज्या ठिकाणीं द्यावयाची त्या ठिकाणीं हा विनोद नव्हता.

आणि ज्या भाषा शेजारच्या त्या अधिकच फसव्या. हिंदी तर आपल्याला जन्मतः येते असा आपला समज आहे. हिंदी साक्षीदार म्हणतो कीं कपड्यांवर खून होता. मराठींत खून कपड्यांवर नसतो, माणसाचा होतो. हिंदी कचेरींत राजीनामा झाला म्हणजे दोन्ही पक्षांत तडजोड झाली. मराठी माणसास वाटतें कोणी तरी नोकरी सोडली. हिंदी बाप मुलाच्या 'शिक्षे'वर पैसे खर्च करतो, मराठी मास्तर मुलाला 'शिक्षा' करतो. मौज म्हणून हीं उदाहरणें आपण लग्नाच्या पंगतींत सांगतों. पण जामिनाच्या अर्जावर तीं आलीं म्हणजे मौज राहात नाहीं. इंग्रजीकडे वळलें तर तेथें काका, मामा, आतोबा आणि मावसोबा हे सारे 'अंकल' आहेत. वारसाहक्काच्या दाव्यांत हें एक 'अंकल' घेऊन न्यायाधीशानें काय करावें ? मराठी भांडणांत 'आपण'वरून 'तुम्ही' आणि 'तुम्ही'वरून 'तूं' असें जें एकेक पाऊल माणूस उतरतो, त्यांत सगळा अपमान असतो. इंग्रजी 'यू'मध्यें तो कोठें दिसावा? शिवाय आपली वाक्यरचना अशी, कीं नकार सर्वांत शेवटीं. 'मी त्याला विहिरीजवळ बोलावून धमकी दिली असें मीं पोलिसांस सांगितलेलें' येथपर्यंत सर्व कबुली आहे, आणि अखेरचा 'नाहीं' हा एक शब्द सारें उलटें करतो. दुभाष्यानें तोपर्यंत थांबावें किती आणि लक्षांत ठेवावें किती ? घाई करील तर खोटें बोलेल, थांबेल तर पुढचें वाक्य निसटेल. हें कसें साधावें याच्या युक्त्या आहेत, त्या शिकवितां येतात आणि शिकाव्या लागतात. 'यांत शिकवावयाचें तें काय ?' याचें एक उत्तर येवढें पुरेसें व्हावें.

आमच्या पूर्वजांस या माणसाची किंमत आमच्यापेक्षां अधिक कळत होती असें दिसतें. १६७४ सालीं हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला, तेव्हां त्याच्या बरोबरीचा दुभाषी नारायण शेणवी होता. राज्याभिषेकाच्या दिवशीं इंग्रज वकिलानें दूरून मुजरा केला. त्या वेळीं नजराण्याची हिऱ्याची आंगठी उंच धरून दाखविली ती नारायण शेणव्यानें, आणि महाराजांचें लक्ष जाऊन त्यांनीं त्यांस सिंहासनाजवळ बोलाविलें, असें ऑक्झेंडननेंच लिहून ठेवलें आहे. नुसते शब्द पालटणारा मनुष्य हें करीत नाहीं. दरबारांत कोणत्या क्षणीं हात वर करावा हें ज्याला कळतें तोच दुभाषी. गोव्यांत पोर्तुगीज सरकारच्या पदरीं जो अधिकृत दुभाषी असे त्याच्या पदाचें नांवच 'राज्याची जीभ' अशा अर्थाचें होतें. तुर्की सुलतानाच्या दरबारीं मुख्य दुभाष्याचें पद १६६१ पासून ग्रीक घराण्यांच्या हातीं गेलें, आणि हा 'मोठा द्रागोमान' परराष्ट्रव्यवहाराचा एक खांबच होऊन बसला. त्या पदाची जोखीमही तेवढीच. १८२१ सालीं ग्रीकांनीं बंड केलें तेव्हां त्या वेळच्या मुख्य दुभाष्याचा, कॉन्स्टंटाइन मुरुझीचा, शिरच्छेद झाला. पुढें तुर्कांनीं आपलीच माणसें या कामांत तयार करण्याकरितां स्वतंत्र भाषांतर-कचेरी काढली.

फ्रेंचांनीं तर याच्या पुष्कळ आधीं हें ओळखलें होतें. परक्या दुभाष्यांच्या हातीं आपला व्यापार आणि आपलीं गुपितें सोंपविणें बरें नव्हे, म्हणून चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानें १६६९ सालीं फ्रेंच मुलांस लहानपणापासून कॉन्स्टँटिनोपल येथें ठेवून दुभाष्याचें शिक्षण देण्याची व्यवस्था केली. सन पुन्हां एकदां वाचावा : १६६९. शिवराज्याभिषेकास अद्याप पांच वर्षें होतीं. साडेतीनशें वर्षांनंतर आमचें अभ्यासमंडळ विचारतें कीं यांत शिकवावयाचें तें काय !

मुख्य दुभाष्याचें काम काय असतें हें नुरेंबर्गइतकें स्पष्ट दुसरीकडे कोठें दिसत नाहीं, म्हणून तेथें जरा थांबलें पाहिजे. खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजीं सुरू झाला. भाषा चार : इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन. तोंवर मोठ्या परिषदांत रीत अशी असे, कीं वक्त्यानें बोलावें, दुभाष्यानें टिपणें घ्यावीं, आणि वक्ता बसल्यावर उठून सर्व भाषण दुसऱ्या भाषेंत सांगावें. १९१९ च्या पॅरिसच्या तहपरिषदेंत पोल मांतू यानें हें काम करून नांव मिळविलें होतें. पण चार भाषांत या रीतीनें गेलें असतें तर नुरेंबर्गचा खटला कित्येक वर्षें संपला नसता. म्हणून लेओं दोस्तेर नांवाच्या गृहस्थानें आय.बी.एम. कंपनीचीं यंत्रें घेऊन, वक्त्याबरोबरच बोलत जाण्याची पद्धति उभी केली. बारा बारा जणांच्या तीन तुकड्या. एक काम करी तेव्हां दुसरी ऐकत तयार असे, तिसरीस विश्रांति. काचेआड बसलेल्या या माणसांवर देखरेख करणारा एक मनुष्य असे, आणि त्याच्या हाताशीं दोन दिवे. पिवळा दिवा लागला म्हणजे वक्त्यानें सावकाश बोलावें, तांबडा लागला म्हणजे थांबावें. जगांतील बडे बडे वकील आणि न्यायाधीश त्या दिव्यांच्या हुकुमांत होते. दुभाष्याच्या अधिकाराचें याहून बोलकें चित्र आम्हांस माहीत नाहीं.

माणसें निवडतांना मात्र दोस्तेर आणि त्याचे सहकारी हैराण झाले. अनेकांची परीक्षा घ्यावी आणि त्यांतून फारच थोडीं माणसें उतरावीं, असा प्रकार होता. अनेक भाषा उत्तम जाणणारे लोक यंत्रापुढें बसल्यावर मुके होत. शब्दाची परिपूर्णता शोधतां शोधतां वाक्य निघून जाई. आमच्या विद्वान् मित्रांनीं हें विशेषेंकरून लक्षांत घ्यावें, कारण आमच्यासारख्या प्राध्यापकांचा हाच स्वभाव असतो.

आजचा मुख्य दुभाषी कोणत्याही मोठ्या सभेंत हेंच काम करतो. सभेच्या आधीं आठ दिवस तो विषयाच्या शब्दांच्या याद्या करून आपल्या माणसांस देतो. औषधांची सभा असेल तर औषधांचीं नांवें, धरणांची असेल तर घनफुटांचे आंकडे. भाषणांच्या प्रती आगाऊ मिळाव्या म्हणून तो चिटणिसांच्या मागें लागतो आणि त्यांच्या रोषास पात्र होतो. कोणास कोणाबरोबर बसवावें, कोण कोणत्या वेळीं थकतो, कोणास आंकडे झेपत नाहींत, हें त्याला ठाऊक असावें लागतें. एकास साधारण अर्ध्या तासाहून अधिक बोलूं द्यावयाचें नाहीं, कारण त्यापुढें मेंदू चुका करूं लागतो आणि चूक झाल्याचें त्यास स्वतःस कळत नाहीं. जोडीदार गप्प बसलेला दिसला तरी तो आंकडे आणि नांवें कागदावर उतरवून शेजाऱ्यापुढें सरकवीत असतो. राष्ट्रसंघाच्या सहा भाषांपैकीं चिनी आणि अरबी यांच्या खोल्यांत दोहोंऐवजीं तिघे बसतात, कारण त्यांस दोन्हीकडून काम करावें लागतें. एखादी भाषा थेट कोणास येत नसेल, तर ती आधीं इंग्रजींत आणि तेथून तिसऱ्या भाषेंत न्यावी लागते. मग पहिल्यानें केलेली चूक सगळीकडे पसरते आणि तिचा जाब मुख्य दुभाष्यास द्यावा लागतो.

या धंद्याचा एक नियम आम्हांस फार आवडतो. दुभाषी बोलतो तो नेहमीं वक्त्याच्या 'मी'नें. साक्षीदार म्हणाला 'मीं पाहिलें', तर दुभाषीही 'मीं पाहिलें' असेंच म्हणतो. 'तो म्हणतो कीं त्यानें पाहिलें' असें म्हणत नाहीं. आणि त्यास स्वतःस कांहीं सांगावयाचें असेल, आपली चूक कबूल करावयाची असेल, तर तो 'दुभाष्याकडून चूक झाली' असें म्हणतो. त्याचा 'मी' त्यानें दुसऱ्यास उसना दिलेला असतो. अहंकार सोडण्याचे उपदेश आम्हीं पुष्कळ ऐकले. तो रोजच्या कामाचा नियम करून ठेवलेला मात्र आम्हांस याच धंद्यांत दिसला.

येथें आम्हांस स्वतःविषयीं कांहीं सांगावें लागणार आहे, आणि तें सांगतांना संकोच वाटतो. पंचवीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. एका पाण्याच्या योजनेची पाहणी करण्याकरितां परदेशी इंजिनियर आले होते. गांवकऱ्यांशीं त्यांचें बोलणें व्हावयाचें होतें, आणि इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून आम्हांस बोलाविण्यांत आलें. आम्ही मोठ्या डौलानें गेलों. दोन भाषा आम्हांस येत होत्याच. देवळाच्या ओट्यावर बैठक भरली. एक म्हातारी बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेबाला म्हणावं, आमच्या आडात पानी हाय तवर आमी हाय. आड बुजवलास तर आमाला बी त्यातच बुजव." बाईचा आवाज चढलेला होता, हात इंजिनियरच्या छातीकडे रोखलेला होता. आम्हीं तें सुंदर इंग्रजींत सांगितलें. काय सांगितलें ? 'स्थानिक रहिवाशांस आपल्या पारंपरिक जलस्रोतांविषयीं चिंता वाटते,' असें. इंजिनियरनें मान डोलाविली आणि वहींत एक ओळ लिहिली. म्हातारी आमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच ? म्या तर लई बोलले."

त्या सायंकाळीं आमच्या इंग्रजीची सर्वांनीं तारीफ केली. आम्हीं खोटें कांहींच बोललों नव्हतों. व्याकरणाची चूक नव्हती. फक्त त्या बाईचा राग आम्हांस असभ्य वाटला, तिचें 'तूं' पाहुण्यांसमोर नको वाटलें, आणि तिचें मरण आम्हीं 'चिंते'त बसविलें. सुशिक्षित मनुष्य शिक्षण न घेतां दुभाषी झाला म्हणजे तो गरिबाचें बोलणें असें इस्त्री करून देतो. ज्याचें हें बोलणें त्याला दुसरी भाषा येत नसते, म्हणून त्याला चोरी कळतही नाहीं. त्या बाईला कळली ती तिच्या अकलेमुळें. शिकलेल्या दुभाष्यास पहिल्या आठवड्यांतच बजावलें जातें कीं शिवी असेल तर शिवी दे, अडखळणें असेल तर अडखळ, आणि वक्त्याला वक्त्यापेक्षां शहाणा करूं नकोस. आम्हांस तें कोणीं शिकविलें नव्हतें. आमच्याजवळ दोन भाषा मात्र होत्या.

आतां कोर्टांकडे वळूं, कारण तेथें हा प्रश्न अब्रूचा आणि स्वातंत्र्याचा आहे. कायदा या बाबतींत मुका नाहीं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमांत स्पष्ट होतें कीं साक्ष आरोपीस न समजणाऱ्या भाषेंत झाली, तर ती भर कोर्टांत त्याला समजणाऱ्या भाषेंत सांगितली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही ही तरतूद कायम आहे. दुभाष्यानें खरें तेंच सांगितलें पाहिजे असें बंधन आहे, आणि १९६९ च्या शपथविषयक कायद्यांत साक्षीदाराबरोबर दुभाष्याचेंही नांव घातलें आहे. आमच्या कायदेपंडितांनीं दुभाष्यास शपथ दिली. त्याला शिक्षण द्यावें हें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं.

भामरागडच्या बाजूस माडिया बोलणारे लोक आहेत, मेळघाटांत कोरकू आहेत. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेंत २९ लाखांहून अधिक भरले, तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत नाहीं. कोरकूचें तर मराठीशींही नातें नाहीं आणि तेलुगूशींही नाहीं. ती मुंडा कुळांतली. 'थोडें मराठी समजतें त्यांना' असें शहरांत बसून म्हणणें सोपें आहे. बाजारांत मीठ घेण्यापुरतें समजणें निराळें, आणि उलटतपासणींत वकिलाच्या तिहेरी नकाराचें वाक्य समजणें निराळें. एका तालुक्याच्या कोर्टांत आम्हीं स्वतः पाहिलें कीं अशा एका आरोपीचा दुभाषी म्हणून एका पोलिस शिपायास उभें केलें होतें. आरोपी दोन मिनिटें बोलला, हात हलवून कांहीं दिशा दाखविल्या, दोन नांवें घेतलीं. शिपाई न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "साहेब, तो नाहीं म्हणतो." कोणासच यांत कांहीं चुकलें असें वाटलें नाहीं. त्या दोन मिनिटांत काय होतें, आणि तीं दोन नांवें कोणाचीं, हें त्या शिपायावांचून कोणास कळलें नाहीं, आणि पुढेंही कळणार नाहीं. शिपायास आम्ही दोष देत नाहीं. त्याला दोन भाषा येत होत्या, आणि आमच्या विद्वान् मित्रांच्या मतें तेवढें पुरे आहे.

दवाखान्यांत तरी निराळें काय आहे ? १९८० सालीं अमेरिकेंत, फ्लोरिडा संस्थानांत, क्यूबन कुटुंबांतील एका अठरा वर्षांच्या मुलास बेशुद्धावस्थेंत इस्पितळांत आणलें. घरच्यांनीं स्पॅनिश भाषेंत तो 'इन्तॉक्सिकादो' आहे असें सांगितलें, म्हणजे खाण्यांतून कांहीं बाधलें असावें असें. इंग्रजीशीं मिळता शब्द ऐकून डॉक्टरांनीं त्यानें मादक औषध अधिक घेतलें असें धरलें आणि त्यावर उपचार चालू ठेवले. दुखणें होतें मेंदूंतील रक्तस्रावाचें. मुलाचे हातपाय कायमचे गेले. पुढें तडजोडींत सुमारें ७ कोटी १० लक्ष डॉलरांचा बोजा ठरला. दुभाषी बोलावण्याचें कोणास सुचलेंच नव्हतें, कारण तेथें सर्वांस दोन्ही भाषा 'थोड्याबहुत' येत होत्या. आपल्याकडे तर परप्रांतांतून आलेल्या मजुराच्या बायकोचें दुखणें डॉक्टरांस सांगावयास तिचा दहा वर्षांचा मुलगा पुढें होतो. आईच्या ज्या तक्रारी मुलासमोर बोलतां येत नाहींत, त्या ती बोलतच नाहीं.

तरुण सभासदांच्या मोबाइलचा समाचार घ्यावयाचा राहिला. आम्ही यंत्रद्वेष्टे नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं निकालांच्या भाषांतराकरितां 'सुवास' नांवाची यंत्रप्रणाली सुरू केली आणि तिच्या साहाय्यानें निकाल मराठींतही येऊं लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. परगांवीं स्टेशनवर गाडी कोणत्या फलाटावर येते हें विचारावयास मोबाइल उत्तम, आम्हीही वापरतों. परंतु लिहिलेला निकाल निराळा आणि थरथरत्या ओठांनीं दिलेली साक्ष निराळी. यंत्र शिकतें तें छापलेल्या आणि साठविलेल्या मजकुरावरून. इंग्रजी, फ्रेंच यांचा मजकूर डोंगराएवढा, मराठीचा त्यामानानें टेकडीएवढा, माडियाचा मूठभर. म्हणजे ज्याला दुभाषी मिळण्याची साधनें आधींच आहेत त्यालाच यंत्र अधिक चांगलें मिळणार, आणि ज्याला कोणी नाहीं त्याच्यापुढें तें ततपप करणार. दुसरें असें, कीं यंत्र अडतें तेव्हां गप्प बसत नाहीं. अज्ञानाच्या जागीं तें तितक्याच खणखणीत आवाजांत कांहीं तरी सांगून मोकळें होतें. 'दुभाष्यास हा शब्द समजला नाहीं, साक्षीदारास पुन्हां विचारावें,' असें म्हणण्याचें धैर्य हा या धंद्यांतील मोठा गुण आहे. आणि शपथेचें काय ? चूक झाल्यास पिंजऱ्यांत कोणास उभें करावयाचें, मोबाइल बनविणाऱ्यास कीं तो हातांत धरणाऱ्यास ?

यंत्रामुळें कांहीं साधें काम जाईल, हें आम्ही मान्य करतों. जे दुभाषे यंत्रासारखेंच काम करीत होते त्यांच्यावर पाळी येईल. परंतु त्यामुळें उरलेलें काम अधिक जोखमीचें आणि अधिक शिक्षणाचें होतें.

पोटाचा प्रश्न टाळणें बरें नाहीं. प्रत्येक दुभाष्यास राष्ट्रसंघांत जागा मिळत नाहीं. तेथील परीक्षा कठीण, आणि आमच्या मुलांस त्या सहा भाषांपैकीं दोन परक्या भाषा पक्क्या करतां करतां तिशी येते. पण पुण्यांत जर्मन आणि जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि कारखान्यांत दुभाषी लागतात. लोकसभेंत १९६४ सालीं इंग्रजी आणि हिंदी यांत बरोबरीनें बोलण्याची सोय सुरू झाली. पुढें प्रादेशिक भाषांची सोय वाढत गेली, मराठी तीत आली, आणि २०२५ सालीं आणखी कित्येक भाषांची भर पडली. काचेआड बसून मराठी खासदाराचें भाषण हिंदींत आणि हिंदी मंत्र्याचें उत्तर मराठींत नेणारीं माणसें कोठून यावयाचीं ? मुक्या-बहिऱ्यांच्या खुणांची भाषा जाणणारे दुभाषेही आतां हवे आहेत; २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयांत एका कर्णबधिर वकील बाईंनीं अशा दुभाष्याच्या द्वारें आपलें काम चालविलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हां आम्हीं सर्वांनीं पेढे वांटले. त्या पेढ्यांच्या खर्चांत एक वर्षाचा हा वर्ग चालला असता असें आम्हांस वाटतें. हिशेब मात्र केलेला नाहीं.

कोणी म्हणेल, प्रथम सरकारनें जागा निर्माण कराव्या, मग विद्यापीठानें शिकवावें. हें कोंबडीनें आधीं अंड्याची परवानगी मागण्यासारखें आहे. जिनीव्हाची दुभाष्यांची शाळा १९४१ सालीं निघाली. तेव्हां युरोपांत महायुद्ध पेटलेलें होतें, परिषदा बंद पडल्या होत्या, आणि कोणा राष्ट्रास दुसऱ्याचें ऐकावयाचें नव्हतें. तरी ती निघाली, आणि चार वर्षांनीं शांतता आली तेव्हां कांहीं माणसें तयार होतीं.

आमची सूचना पुढील बैठकीपुढें पुन्हां ठेवावी असें पत्र आम्हीं चिटणिसांस दिलें आहे. त्यास एक उपसूचनाही जोडली आहे. बैठकीच्या आरंभीं, चहाच्या आधीं, अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकाच्या इंग्रजी भाषणाचीं पहिलीं दहा मिनिटें यंत्रावर लावण्यांत यावीं, आणि ज्या सभासदांस यांत शिकण्यासारखें कांहीं नाहीं असें वाटत असेल त्यांनीं हेडफोन कानांस लावून, वक्त्याच्या पाठोपाठ, न थांबतां, तें आम्हां सर्वांस मराठींत सांगावें. आंकडे मोजावयास आम्ही वही घेऊन बसूं. चष्मा पुसण्यास मुभा राहील.